माज्या मोहाला विषाचा वास नाय

मी बुधी. पळसदरीच्या वर डोंगराच्या अंगाला आमची ठाकरवाडी, तिथं माजा जलम झाला, बुधवारी झाला म्हनून बुधी. साल इचारू नका ताई, आमच्यात कोन साल लिवून ठेवतंय, पन दारूबंदी नवी नवी लागली तवा मी आईच्या कडेवर व्हते, एवढं आई सांगायची. म्हंजे मी आन् दारूबंदी एकाच येळला वाढलो. ती माज्या आधी थकली, मी अजून चालते.

मोह तुमी पायला असंल, पन त्याच्याखाली पहाटे बसला नसाल. चैतात फूल गळतं, रातभर गळतं, आन् उजाडायच्या आत येचायला लागतं, नायतर गुरं खातात, भेकरं खातात. आई झाडाखालचा पाचोळा आधी झाडून काढायची, भुई सारवल्यासारखी करायची, मंग आमी टोपल्या घेऊन. फूल वाळवायचं, कनगीत भरायचं. लोकांना वाटतं मोह म्हंजे दारूच. अवो, आखाडात घरात दाना नसायचा तवा हीच फुलं उकडून खाल्ली आमी, त्याच्यावर जगलो. पोराला सर्दी झाली की छातीला मोहाची चोळायची, बाळंतिनीला घोटभर द्यायची, लगीन असलं की देवाला थेंब, भुईला थेंब, आन् मंग मानसाला. हे काय आमी चोरून शिकलो नाय. माज्या आईला तिच्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं.

आई लई कडक. फुलं मडक्यात भिजत घालायची, पाच-सा दिस, उनाळ्यात चार, वर बुडबुडं यायचं बंद झालं की कान लावून ऐकायची, काय ऐकायची कोन जाने, पन म्हनायची, झालं, आता गप झालं, चढवा चुलीवर. वाफ गार व्हायला वर ठेवलेल्या भांड्यातलं पानी गरम झालं की बदलायचं, परत गार घालायचं, जाळ बारीक ठेवायचा. घाई केलीस तर करपट लागंल, म्हनायची. फुलं आन् पानी, तिसरं काय घातलेलं मी माज्या आईच्या हातनं कदी पायलं नाय.

मी आठ-नऊ वर्साची असंन, पोलीस आले वाडीवर. काठ्यांनी मडकी फोडली, आंबवन अंगनभर झालं, कोंबड्या त्ये खाऊन झिंगल्या, आमाला पोरांना हसू यायला लागलं आन् आईला घेऊन चालले. दोन दिस चौकीत बसवून सोडली. आई घरी आली नाय, आधी खाली गावात कुंभाराकडं गेली, दोन नवी मडकी डोक्यावर घेऊन वर आली. बाप म्हनला, अगं जरा दम खा. ती म्हनली, फुलं भिजायची थांबतात का? तशी बाई. मी तिचीच.

लगीन झालं त्ये लोधिवलीकडं, हमरस्त्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. नवरा चांगू. नाव घेते बघा, आता कसली लाज. भला मानूस, कामाचा मानूस. मोहोपाड्याकडं कारखाने यायला लागले तवा पाया खनायला गेला, मंग ठेकेदाराच्या गँगमधी ओझी उचलायला. सासूला गाळता येत नसं. मी आल्यावर दुसऱ्याच चैतात चूल मांडली. खालच्या गावातले भातकरी यायचे, आवनी झाली की कंबर मोडलेली असायची, बायापन यायच्या पदराआड गिलास लपवून. पन माजा कायदा व्हता. एका मानसाला दोन घोट. तिसरा नाय. बायकोला मारून आलेल्याला पयलापन नाय. खालच्या आळीतला एक बाप्या म्हनला, बुधे, तू दारू इकतेस का देवळात तीर्थ वाटतेस? मी म्हनलं, तुला तीर्थ पचत नाय, दारू कशी पचंल रं? ऊठ.

मंग आला टेंपोवाला शेठ. त्याचं नाव मी घेत नाय, भ्यायले म्हनून नाय, तोंड कशाला खराब करू. एक दिस दुपारचा वाडीवर आला, खाटंवर बसला, म्हनला, बाई, तुजा हात चांगला, लोक तुजं नाव काढतात, मी ड्रम देतो, काळा गूळ देतो, नवसागर देतो, फुलं येचत बसायची कटकट नको, दोन दिसात माल तयार. मी म्हनलं, नवसागर भांड्याच्या कल्हईला लागतो, मानसाच्या आतड्याला नाय. तो हसला. म्हनला, मडक्यात मडक्यात किती दिस करशील? मी म्हनलं, जोवर मडकं मिळतंय तोवर. त्यानं मंग नाक्यावर पत्र्याची शेड टाकली. कामगार सुटले की रांग लागायची. गूळ नवसागरनं बी भागंना तवा मुंबईकडनं कसलं तरी स्पिरिट आनून त्यात पानी घालून द्यायला लागला. हे आमाला मागनं कळलं.

चांगूलापन मी दोनच घोट द्यायची. त्याला राग यायचा. गँगमधले हसायचे, म्हनायचे, चांग्या, बायको तुला घोट मोजून देते. मरदाला असं लागतं, ताई. एका सुट्टीच्या दिवशी गेला शेडवर. दुसऱ्या दिशी दुपारी मी चुलीपाशी, तर हा भिंतीला हात लावत लावत दारात आला, म्हनला, बुधे, धुकं पडलंय का गं?

चैताचं ऊन बाहेर. भुई तापलेली. आन् हा म्हनतो धुकं पडलंय का.

काय सांगू तुमाला. त्याला खाटंवर घालून सडकंपातुर आनला, एका ट्रकवाल्यानं दवाखान्यात पोचवला. त्याच्या गँगमधले आनखी तिघं तिथं आधीच व्हते. त्यातले दोघं गेले. चांगू वाचला, डोळं नाय वाचलं.

मी दवाखान्यातनं कपडे न्यायला वाडीवर आले तर फौजदार माज्या अंगनात. मडकी बाहेर काढलेली, माजी एक बाटली लाखंनं बंद केलेली. म्हनला, तूच दिलीस ना इखारी दारू? माजा नवरा आंधळा हून पडलाय आन् हा मला इचारतोय. मी म्हनलं, शेडवर जावा. तो म्हनला, शेडमधी काय नाय, वैरन भरलीय. एका रातीत वैरन भरली व्हती ताई! चौकीत मला कागदावर अंगठा उठव म्हनले. मी मूठ आवळली. शिपायानं बोटं उघडायला बघितली, नाय उघडली. ह्या हातांनी वर्सानुवर्सं लाकडं फोडलेली, त्याच्यानं काय उघडतात.

माज्या बाजूनं बोलायला सरकारनं एक वकील दिला, तरना व्हता, सारखा घाम पुसायचा. म्हनला, बाई, कबूल कर, दया येईल, शिक्षा कमी व्हईल. मी म्हनलं, दादा, गाळली का म्हनून इचारा, तर हो म्हनंन. इख दिलं का म्हनून इचारा, तर नाय. दहा येळा इचारा, दहा येळा नाय.

कोर्टात टेबलावर दोन बाटल्या. एक माज्या घरातली, एक मेलेल्याच्या उशाशी सापडलेली. तपासनीचा कागद एकाच बाटलीचा, त्या दुसरीचा, त्यात इख निघालेलं. पोलिसांच्या बाजूचा सरकारी वकील म्हनला, दोन्ही एकाच बाईचा माल. मी उभीच व्हते, म्हनलं, साहेब, वास घ्या.

सगळं कोर्ट हसलं. सरकारी वकील म्हनला, ही बाई कोर्टाला दारूचा वास घ्यायला सांगते. न्यायाधीश म्हातारा, कपाळाला गंध, आयुष्यात शिवला नसंल. मी परत म्हनलं, साहेब, तुमी पिऊ नका, नाक तर देवानं तुमालापन दिलंय. त्यानं वकिलाला हातानं थांबवलं. मंग म्हनला, उघडा. लाख फोडली. एक बाटली हुंगली, लांब धरली. दुसरी हुंगली. परत पयली. मला इचारलं, ही कशाची? म्हनलं, मोहाची. आन् ही? म्हनलं, मला काय ठाऊक साहेब, मी नाय केली. त्यानं दोन्ही बाटल्या कारकुनाकडं दिल्या. कारकून हुंगून लगेच म्हनला, साहेब, ही मोहाची पयल्या धारेची, आन् ती पालिशवाल्याचं स्पिरिट. सगळे त्याच्याकडं बघायला लागले, याला कसं एवढं कळलं! बिचारा लालेलाल झाला. न्यायाधीश हसला नाय. माजी बाटली तपासायला पाठवा म्हनला.

पुढच्या तारखंला चांगूची साक्ष. माजी पोर सगुना, बारा वर्साची, तिनं हात धरून आनला. त्याला इचारलं, कुठं प्यायलास? तो म्हनला, नाक्यावर, शेठच्या शेडमधी. नाव घेतलं त्यानं शेठचं, मोठ्यानं, शेठ मागं बाकड्यावर बसलेला. इचारलं, घरात बायको गाळते, मंग तिकडं का गेलास? चांगूनं सगुनाचा हात सोडला. मंग म्हनला, बायकोनं मला दोन घोटाच्या वर कदी दिली नाय साहेब, म्हनून तर गेलो. तिचं ऐकलं असतं तर तुमचं तोंड दिसलं असतं मला.

मी तवर रडले नव्हते. दवाखान्यात नाय, चौकीत नाय. तवा रडले.

माज्या बाटलीचा कागद आला, इख नाय म्हनून. इखाच्या गुन्ह्यातनं सोडली, गाळल्याबद्दल तीन महिने दिले. शेठचा ड्रायव्हर आत गेला, शेठ सुटला, सुटायचाच व्हता. न्यायाधीशानं इचारलं, काय सांगायचंय? मी म्हनलं, साहेब, तीन महिने बसते, बाहेर आले की परत गाळनार. तो म्हनला, असं कोर्टात बोलू नये बाई. मी म्हनलं, खोटं बोलू नये असं सुरवातीला तुमीच शपथ घालता ना सगळ्यांना.

सुटून आले. चौथ्या दिशी सकाळी वाडीच्या वाटंनं बाया येताना दिसल्या, पंचवीस-तीस, हातात काठ्या. पुढं रखमा. जे दोघं मेले त्यातल्या एकाची बायको, मोहोपाड्याच्या चाळीत ऱ्हायची. तिला कोनी सांगितलं व्हतं, बुधी सुटली, परत चूल पेटवनार. ती म्हनली, माजा नवरा खाल्लास. मी म्हनलं, हे मडकं, ही चूल. फोडायचं तर फोड, मी अडवत नाय. पन आधी आत खाटंवर कोन बसलाय त्ये बघ. रखमा आत गेली. चांगू आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हनला, कोन, रखमा वयनी का? तुज्या मानसाच्या शेजारीच बसलो व्हतो मी तवा. शेडमधी.

रखमा लई येळ आत व्हती. बाहेर आली, मडक्याला शिवली नाय. म्हनली, अजून हाय का ती शेड? मी म्हनलं, हाय, परत सुरू केलीय, वैरन काढून. ती म्हनली, चल मंग.

आमी चालत नाक्यावर गेलो, भर दुपारी, सगळ्या बाया, मी आन् रखमा पुढं. पत्रं ओढून काढलं, बांबू मोडलं, ड्रम लवंडलं, त्या वासानं डोकं फिरलं सगळ्यांचं. शेठ टेंपोला टेकून उभा, ओरडत व्हता, पोलिसाला बोलवतो. आला की फौजदार, तोच. म्हनला, कोनी केलं हे? मी म्हनलं, मी. रखमा म्हनली, मी. मंग मागनं सगळ्या, मी, मी, मी. एवढ्या बाया त्याच्या जीपमधी मावनार कशा? टोपी हातात घेऊन उभा ऱ्हायला. शेठनं त्या नाक्यावर परत पत्रा लावला नाय.

आता त्याच नाक्यावर सरकारमान्य देशीचं दुकान हाय. शिक्का असला की चालतं म्हंजे. कितीबी प्या, कोन मोजत नाय. आन् माजी फुलं अजून गुन्हा. मी म्हनते, कशाला? शिकवा की मला तुमचा कायदा, मी तुमाला फुलं भिजवायला शिकवते. रखमा पिनारांवर अजून चिडते, माज्यावरपन चिडते, म्हनते, बुधे, इख नसलं तरी दारू ती दारूच. मी तिला खोटी म्हनत नाय. भांडतो आमी, आन् मंग एका ताटात जेवतो.

चांगू दोर वळतो दारात बसून. आंबवन झालं का नाय त्ये आता तो सांगतो, नाकानं, माज्यापरीस बरोबर. सगुना कंपनीच्या क्यांटीनला हाय, तिला हे नको, बरं झालं. पन परवा माज्या पोराची बायको मडक्याला कान लावून बसली व्हती, मी बघितलं, तशीच मागं फिरले. मोहाची झाडं मात्र चालली. पलाट पडतायत सगळीकडं, मुंबईचे लोक तारा मारतात. एकाला म्हनलं, घर बांध बाबा, पन झाड ठेव, फुलं मी येचीन, तुज्या अंगनातला कचरा कमी. तो हसला, ठेवलं त्यानं. एक तरी ठेवलं.

तुमी मघाशी इचारलंत, लिवताना नाव बदलू का, पोलीस वाचतील. नका बदलू. बुधी लिवा, बुधी चांगू पारधी, लोधिवलीच्या वरची ठाकरवाडी, चुकलं तर कुनालाबी इचारा. फौजदार नवा आलाय म्हनं, त्याला आपसूक पत्ता मिळंल. आन् उपाशी जाऊ नका, नाचनीची भाकर टाकते. तुमच्या लेकराबाळांना कदी कुनापुढं मान खाली घालायला लागू नये, एवढंच माजं मागनं. बसा, चूल पेटलेलीच हाय.