चढावरची प्रेक्षणीय स्थळं

— तेच तर सांगतोय ताई, उद्यासाठी नाव नोंदवायच्या आधी जरा बसा. इथे बाकावर बसा, गुडघ्याला पट्टा बांधून कशाला उभ्या राहताय? आत कुणी नाहीये. सहलीला नेणारा तो वाटाड्या मागे नळावर सायकली धुतोय, धुवून झाल्या की येईल. तोवर माझं ऐका. मी आजच जाऊन आलोय — हे बघा, पँटला चेनचं काळं लागलंय. आता ती पाटी वाचा. काय लिहिलंय? ‘दिवसभराची सायकल सहल, तीन दऱ्या, जेवणासह.’ तीन ना? आम्ही दोन बघितल्या. तिसरी कुठे गेली? दरी काय कुणी उचलून नेतं? सांगतो, सगळं सांगतो, पण ओळीने सांगतो, मला ओळीनेच सांगायची सवय आहे. जन्मभर विमा कंपनीत दावे तपासले मी. दुकान जळालं म्हणून माणूस समोर ढसाढसा रडतोय, आणि मी त्याला प्यायला पाणी देऊन विचारणार — आगीच्या आदल्या दिवशी टेम्पो कशाला आला होता? असलं काम. लोक नावं ठेवायचे, ठेवोत बापडे. पण कुठे पाणी मुरतंय ते मला लांबून कळतं, आणि इथे तर मी दिवसभर त्याच्या मागच्याच सायकलवर होतो.

सकाळपासूनच सुरू झालं. आम्ही गिऱ्हाइकं तिघंच — मी आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं. मी मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवलं फोटोवाले, कारण दिसेल त्याचा फोटो. आणि चौथा हा वाटाड्या. सायकली वाटल्या. फोटोवाल्यांच्या सीट वरखाली करण्यात ह्याचा किती वेळ गेला म्हणून सांगू — पाना आण, बसून बघा, उतरा, परत बसा. आणि मी बसलो तर माझी सीट आधीच बरोबर. पाय अगदी हवा तसा टेकतोय. मी विचारलं, हे कसं काय? तर हसतो आणि म्हणतो, ‘अंदाज येतो काका.’ काका. ओळख ना पाळख, पहिल्याच वाक्यात काका. माझं सरळ म्हणणं आहे, नात्याने हाक मारणाऱ्या दुकानदारापासून चार हात लांब राहावं. सीटचं म्हणाल तर माझ्याच उंचीच्या कुणीतरी काल ती सायकल नेलेली असणार, ह्याने तशीच दिली, दुसरं काय. पण मी लक्षात ठेवलं.

मग निघालो. पहिला चढ लागला, अर्ध्यावर आलो, आणि ह्याने हात वर केला. थांबलो. ‘काका, ही मोरी बघा.’ मोरी हो, रस्त्याखालून पावसाचं पाणी जातं ती. ‘दगड कसे बसवलेत बघा, सिमेंट नाही, काही नाही.’ बरं, बघितली मोरी. पाणी प्यायलो. पुढे निघालो, चार वळणं होतायत न होतायत तोच परत हात वर. आता काय? तर भिंत. रस्त्याकडेची भिंत आणि तिच्यावर शेवाळ. शेवाळात दोन जाती असतात म्हणे, त्या त्याने आम्हाला अगदी निवांत समजावून सांगितल्या. त्यानंतर थांबलो तिथे विजेचा खांब होता. नुसता खांब, ताई. ‘इथून दरी कशी उलगडते बघा.’ दरीत धुकं भरलेलं, उलगडतंय काय कपाळ, खांब तेवढा दिसत होता. फोटोवाल्यांनी खांबाचाही फोटो काढला, त्यांचं काही विचारू नका. आणि आता गंमत ऐका. चढ संपला, उतार लागला. काय उतार होता — एका अंगाला खाली नदी, पलीकडे डोंगरांच्या सोंडा एकीमागे एक निळ्या होत गेलेल्या, मध्ये एका कमानीचा जुना दगडी पूल, आणि वळणावर धबधबा, इतका जवळ की चष्म्यावर पाणी उडालं. तिथे थांबावं की नाही माणसाने? नाही. हा आपला सरळ खाली. धबधबा आला आणि गेला. विचारलं तर म्हणे, ‘उतारावर थांबलं की पाय गार पडतात काका.’ म्हणजे मोरी दाखवणार आणि धबधबा नाही दाखवणार. हसू नका, माझा दिवस गेलाय ह्यात.

दुपारी नदीकाठी जेवायला बसलो. डबे म्हणे त्याच्या आईने करून दिलेले, प्रत्येकाला वेगळा. मी भाजीचा घास घेतला — मीठ नाही. नावालासुद्धा नाही. आणि फोटोवाले बोटं चाटतायत. मी त्या पोरीला म्हटलं, तुम्हाला आळणी नाही लागत? तर म्हणते, ‘नाही काका, झकास झालीय.’ तीही काका म्हणायला लागली. तेव्हा माझ्या मनात आलं, ही दोघं ह्याचीच माणसं नसतील ना? असतात हो, गर्दी दिसावी म्हणून धंदेवाले आपलीच माणसं आणून बसवतात. मी जन्मात कमी बघितलेत?

पण खरा प्रकार पुढेच आहे. जेवणानंतर वरच्या खिंडीतून पलीकडे तिसऱ्या दरीत उतरायचं ठरलेलं. हा हात धुऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘खिंडीत दरड कोसळलीय, आज नदीकाठच्या रस्त्यानेच परत जाऊ.’ दरड? बरं, कोसळतात दरडी. पण तो बोलतोय तोच त्याच रस्त्याने वरून दुधाची गाडी खाली आली. ड्रायव्हर मजेत शीळ घालतोय. मी हात करून थांबवली. रस्ता कसा आहे हो वर? तर म्हणतो, ‘मोकळा.’ मी वाटाड्याकडे बघितलं, तर तो खाली बसून चेन बघायला लागला. चेनला काहीही झालेलं नव्हतं. पकडला, ताई, मुद्देमालासकट पकडला. असल्या वेळी बोलायचं नसतं, समोरच्याला आणखी बोलू द्यायचं असतं. आणि ह्यावर कडी अशी की परतताना मी त्या फोटोवालीला विचारलं, तिसरी दरी राहिली, वाईट नाही वाटत? ती म्हणते, ‘आम्हाला उद्या नेणारेय ना तो.’ घ्या. म्हणजे ती दरड आज एकट्या माझ्यासाठी कोसळली होती.

आता तुम्ही म्हणाल, एक दरी राहिली तर राहिली, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. पण — आता तुम्ही परक्या, उद्या तुम्ही कुठे मी कुठे, तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी इथे दऱ्या बघायला आलेलोच नाही. मी ह्याला बघायला आलोय. हो, ह्यालाच, त्या सायकली धुणाऱ्याला. माझ्या लेकीला ह्याच्याशी लग्न करायचंय. एकुलती एक आहे. मागल्या वर्षी ऑफिसच्या लोकांबरोबर आली होती इथे, सायकलवरून फिरली, आणि मग परत आली, आणि परत आली. मी विचारायचो, अगं, त्या दऱ्यांत एवढं बघायचं काय राहिलंय? तर राहिलं होतं हे. तिची आई असती तर तिने चार प्रश्नांत काढून घेतलं असतं. ती गेली तेव्हा ही शाळेत होती, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. आता नोकरीमुळे दुसऱ्या गावी असते, सुट्टीला येते. मला म्हणाली, ‘बाबा, तुम्ही एकदा भेटा त्याला.’ भेटा म्हणजे काय? सांगून गेलं की माणूस भांग पाडून बसतो. म्हणून न सांगता आलो. नाव साडूचं दिलं. तिला सांगितलं, साडूकडे चाललोय दोन दिवस. आज रात्री तिला फोन करायचा आणि हो किंवा नाही ते सांगायचं, असं मी स्वतःशी ठरवून आलोय. आणि आता सांगायला काही उरलंच नाही. जो माणूस परक्या गिऱ्हाइकाशी दरडीबद्दल खोटं बोलतो, तो बायकोशी कशाबद्दल बोलणार नाही? दावा नामंजूर. रडेल, दोन महिने बोलणार नाही, पण नामंजूर.

थांबा, एक गोळी घेतो. पाणी आहे माझ्याकडे, असू द्या. काही नाही हो, पित्ताची आहे. चष्म्याच्या घरात ठेवतो, म्हणजे शोधावी लागत नाही. दम? नाही नाही, बोलून लागलाय, मी फार बोलतो. बरं, तशी पित्ताची नाहीये. हृदयाची एक नळी अरुंद झालीय म्हणतात डॉक्टर. चालतं, पण बेताने. लेकीला नाही सांगितलेलं. कशाला सांगायचं? सांगितलं की नोकरी सोडून उशाशी येऊन बसेल. ह्या वयात बापाची राखण करत बसायचं का तिने? कुणाला माहीत नाही हे, डॉक्टर आणि मी, आणि आता तुम्ही. कुठे बोलू नका.

काय म्हणालात? खोटं बोलून त्याला काय मिळालं? हां, हा प्रश्न बरोबर आहे. मला नोकरीत पहिल्या दिवशी साहेबांनी हेच शिकवलं होतं — खोटं पकडलंस म्हणजे अर्धं काम झालं, त्या खोट्याने फायदा कुणाचा झाला ते सांग. चला, बघूच. ह्याचा झाला का? ह्याचा कसा होईल, उद्या ह्याला त्या दोघांना घेऊन परत सगळी चढण चढायचीय, दुप्पट काम. फोटोवाल्यांचा? त्यांची तर एक दरी हुकली, उद्याचा दिवस मोडला. दूधवाल्याचा काही संबंध नाही. मग राहिलं कोण? त्या खिंडीचा चढ म्हणे असला उभा आहे की तरणी पोरंसुद्धा उतरून सायकल ढकलतात. तो चढ कुणाचा वाचला? फोटोवाल्यांचा नाही, ती उद्या चढतील. तो —

तो माझा वाचला.

नाही, थांबा. बोलू नका जरा. मोरीपाशी थांबलो तेव्हा मला काय होत होतं? छातीत भरून आलं होतं. मी म्हटलं, कुणी बघितलं नाही, बरं झालं हा थांबला. भिंतीपाशीही तेच. खांबापाशी तर मला तो खांब धरावासा वाटत होता. आणि उतारावर नाही थांबला. उतारावर थांबायची गरज कुणाला असते? अहो, विसावा घ्या म्हणाला असता तर मी ऐकलं असतं का? मी आणखी जोरात पेडल मारलं असतं, माझा स्वभाव मला माहीत नाही का. म्हणून ‘बसा’ म्हणायचं नाही, ‘बघा’ म्हणायचं. मोरी बघा. शेवाळ बघा. बघता बघता माणसाचा दम परत येतो. आणि ते जेवण — वेगळा डबा होता तो. मीठ नको म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय मला, घरी तरी मी कुठे पाळतो. तो डबा माझ्यासाठीच रांधला होता त्याच्या आईने. सीट माझ्याच उंचीवर होती. म्हणजे मी कोण ते ह्याला सकाळी मी यायच्या आधीपासून ठाऊक होतं. साडूच्या नावाने आलो मी, आणि ज्या साडूशी वर्षानुवर्षं बोलणं नाही त्याच्याकडे चाललोय म्हणून लेकीला सांगून आलो. तिला काय कळलं नसेल? तिनेच ह्याला आधी कळवलं असणार. जन्मभर दुसऱ्यांची खोटी पकडली आणि स्वतः बोलायची वेळ आली तेव्हा हे असलं बोललो. ताकाला जाऊन भांडं लपवणारा मी, आणि भांडं सगळ्यांना दिसतंय.

पण मग नळीचं? तेही तिला माहीत आहे. चष्म्याचं घर उघडून बघितलं असेल, दुसरं काय. किती दिवस झाले असतील? कारण हल्ली ती घरी आली ना, की जिन्यात मध्येच थांबते. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. पहिल्या वळणावर थांबते, म्हणते, ‘बाबा, खिडकीतून बघा, कबुतराने घरटं केलंय.’ पुढच्या वेळी तिथेच, ‘बाबा, शेजाऱ्यांनी दाराला कसला रंग दिलाय बघा.’ मी म्हणायचो, ह्या पोरीला झालंय तरी काय, लहान मुलासारखी दिसेल ते दाखवत सुटते. दाखवत होती. मला श्वास घेऊ देत होती. ह्याच्याकडून शिकली, का हा तिच्याकडून शिकला, कोण जाणे. एवढे दिवस तिने सगळं पोटात ठेवलं. मला नाही सांगितलं. ह्याला सांगितलं. हे मला लागलंय ताई, खरं सांगतो, फार लागलंय. आणि पुन्हा वाटतं, नाहीतर कुणाला सांगणार होती ती? मी तर तिला दारच उघडं ठेवलं नव्हतं.

नळ बंद झाला वाटतं. हो, येतोय तो. तुम्ही जा, आत जाऊन बसा. नाव नोंदवा, खुशाल नोंदवा, गुडघ्याची काळजी करू नका, तो तुम्हाला बरोबर दाखवेल काय दाखवायचं ते. नाही, हो का नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. त्याआधी मला ह्याला एक विचारायचंय, आणि ते तुमच्यासमोर नको. तिने ह्याला सांगितलं असेल तेव्हा ती एकटीच रडली, का ह्याने तिला जवळ बसवून घेतलं होतं. एवढंच. जा तुम्ही, जा ताई, आला तो.