सदर संस्था अस्तित्वात नाही

पुढील हकिकत मी १४ जून २०२३ रोजी, बुधवारी, दुपारी एकच्या सुमारास ऐकली. सांगणारे होते सोलापुरात भवानी पेठेतील एका महाविद्यालयाचे वरिष्ठ लिपिक रुद्रप्पा. मी मायग्रेशन प्रमाणपत्रासाठी त्यांच्या खिडकीशी गेलो होतो. त्यांचे शब्द शक्य तितके जसेच्या तसे दिले आहेत.

“—न्हाय, कॉलेजचं नाव आता काय लिवायचं ते मला इचारू नका. मी लागलो तवा विद्यापीठ कोल्हापूरला — मग सोलापूरचं झालं — मग आमी स्वायत्त — आन् गेल्या एक जुलैला संस्थेची दोन कॉलेजं एक केली. खुर्ची हीच हां! अठ्ठावीस वर्षं वीतभर सरकली न्हाय. आत्ता गेली ती पोरगी बघितली न्हवं? चंद्रिका, होटगीची. बीएचा एकच पेपर राहिलाय, रेल्वेची भरती पास झालीय, डिग्री दाखवायला ऑगस्टअखेर मुदत. जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा होऊन गेली, हिला कळलंच न्हाय. का? पत्रच आलं न्हाय. वेबसाइट? जुन्या नावाची बंद केली की. ही आवकवही बघा — एक जुलै, कोरी. आलं न्हाय म्हंजे… आलं होतं. बसा. त्या सकाळी प्राचार्यांसमोर जुना शिक्का ब्लेडनं कापला, पंचनामा केला, सही माझी. आन् अकराला बिरुदेव पोस्टमन विद्यापीठाचं, जुन्या नावाचं रजिस्टर पत्र घेऊन दारात! घेऊ कुटल्या शिक्क्यानं? जुना कापलेला — नवा मारावा तर पत्र आमचं न्हाय. बिरुदेव म्हनतो, ‘अण्णा, मानूस तोच, चहाचा कप तोच, मग मेलं कोन?’ मी लिफाफ्यावर लिवलं — सदर संस्था अस्तित्वात नाही. लई सुवाच्य लिवलं. नियमानं बरोबर हाय की. हाय का न्हाय? पंधरा दिसांनी ही आली — ‘काका, परीक्षेचं काय पत्र?’ न्हाय बाळ, म्हनलं. वही दाखवली. दर महिन्याला दाखवली — खोटं एक अक्षर न्हाय त्यात. आज काय मागत होती? एक ओळ. पत्र कॉलेजात घेतलं गेलं न्हाय, एवढं लिवून द्या, विद्यापीठ इशेष परीक्षेचा इचार करंल म्हनं. करंल. पन का घेतलं न्हाय, ते बी इचारंल. अक्षर माझं हाय त्यावर, आन् निवृत्तीला सोळा दिवस. चारला ये म्हनलं, साहेबांना इचारतो. साहेब? साहेब रजेवर हायत… असं का बघताय? द्या तो अर्ज हिकडं. हा घ्या शिक्का. या आता. जेवायची सुट्टी झाली.”

पत्र परत गेल्याची नोंद टपाल कार्यालयात मला दाखवण्यात आली. रुद्रप्पा ३० जूनला निवृत्त झाले. १४ जूनला चार वाजता चंद्रिका आल्या होत्या, असे तेथील शिपायाने सांगितले. तेव्हा खिडकी उघडी होती काय, याची खात्री मला कधीच करता आली नाही.