पान चौदा, ओळ तिसरी

...आणि वर छापलंय काय, तर 'सोपे'! अहो, कव्हरवर, ठळक अक्षरांत! 'घरच्या पार्टीसाठी सोपे खारे पदार्थ'! तुम्हाला सांगतो, ज्यानं हे पुस्तक लिहिलं ना, त्याला एकदा आमच्या स्वयंपाकघरात उभा करायचाय मला, अडीच तास, पंखा बंद करून... कारण पंखा लावला की गॅस विझतो, हे काही पुस्तकात नाही!

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. बायको म्हणाली, "पंचवीस वर्षं मी रांधलं. त्या दिवशी मी नुसती बसणार आणि खाणार." मुलीनं पुस्तक हातात ठेवलं, "बाबा, पान उघडा, वाचा, करा. सोपं आहे!" मलाही वाटलं, असेल. मी कोर्टात टायपिस्ट. तीस वर्षं दुसऱ्यानं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवतोय, काना-मात्रा न चुकवता. चीजचे गोळे काय, तेही उतरवू!

पण खरी धास्ती गोळ्यांची नव्हतीच हो, दादाची होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गणिताचा मास्तर. तीन वर्षं माझ्याशी एक शब्द नाही! का, तर त्याच्या निवृत्तीच्या समारंभात मला दोन शब्द बोलायला उभं केलं, आणि मी गाढवानं भरल्या सभागृहात सांगितलं की मास्तर स्वतः सातवीत गणितात नापास झाले होते! सगळे हसले. दादा नाही हसला. खरं होतं हो... पण खरं बोल म्हणून सांगितलं कुणी होतं? तेव्हापासून फोन केला की वहिनी उचलणार, "ते अंघोळीला गेलेत." तीन वर्षं माणूस अंघोळ करतोय!

शेवटी बायकोनं फोन केला, "भाऊजी, तुम्ही आला नाहीत तर मी केक कापणार नाही." तो म्हणाला, "बघू." ते 'बघू' डोक्यात घेऊन मी दुपारी तीनला गोळे वळायला घेतले.

उकडलेला बटाटा, किसलेलं चीज, मिरपूड. मिश्रण म्हणे 'हाताला चिकटू नये'. हाताला चिकटलं, कोपराला चिकटलं, चष्म्याला चिकटलं, पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटली! पुढे लिहिलंय, 'गोळे तेलात अलगद सोडा.' सोडले. पहिला जरा तरंगला, मला बरं वाटलं, आणि फट्! दुसरा फट्! तिसऱ्याच्या वेळी मी दाराआड उभा राहून झारा पुढे केला. सोपं आहे म्हणे!

तेवढ्यात बेल वाजली. पाहुणे सातला यायचे, वाजले होते साडेपाच. बायको-मुलगी पार्लरमध्ये. दार उघडतो तर... दादा! मास्तर माणूस, घंटेच्या आधी वर्गात! मी बघतोय, तो बघतोय, माझ्या भुवईवरून बटाटा ओघळतोय. त्यानं चपला काढल्या, आत आला, हात धुतले, पुस्तक उचललं, चिकटलेली पानं नखानं सोडवली आणि वाचत बसला. मग तीन वर्षांनी तोंड उघडलं,

"कॉर्नफ्लोअर कुठाय?"

"कसलं कॉर्नफ्लोअर?"

"पान चौदा, ओळ तिसरी. दोन मोठे चमचे. तुला वाचायला शिकवलं कुणी?"

म्हटलं, "तूच."

डोळ्यांत पाणीच आलं हो माझ्या... मिरपूड असेल. धीर करून म्हटलं, "दादा, ते समारंभातलं... चुकलं माझं."

तो गोळा वळत होता. वर न बघता म्हणाला, "तेहतीस मार्क होते. दोन कमी पडले. तेही सांगायचंस की!"

साठ गोळे झाले. एकही फुटला नाही. पाहुण्यांनी ताटल्या पुसून खाल्ले, बायकोनं केक कापला, दादानं तिला भरवला, सगळं गोड झालं... आणि तिथेच फसलो!

कारण आता दादा दर रविवारी येतो. सकाळी सातला! बेल दाबून दारातूनच ओरडतो, "आज पान एकोणीस!" एकशे ऐंशी पानी पुस्तक आहे हो! मी सोलतो, तो वाचतो. मी वळतो, तो पट्टी लावून गोळे मोजतो. बोलत नव्हता तेव्हा रविवारी झोप तरी मिळायची. परवा वहिनीला फोन केला, "वहिनी, एखादा रविवार ठेवा ना त्याला घरी!"

तर म्हणते कशी, "भाऊजी, तीन वर्षांनी आत्ता कुठे माझी झोप होतेय!"