म्हशीला मारलेली हाक

—खाटेवर नको, पावणं, ती माझी हाय. त्या कट्ट्यावर बसा. दूध घ्या, आत्ताच काढलंय. काय म्हणालात, पेपरातला फोटो बघून आलाय? त्यात तोंड तरी दिसतंय का माझ्या पोरीचं — डोक्याला हेल्मेट, डोळ्याला काळा चष्मा. पोरासाठी स्थळ बघायला आलाय आणि सायकलचा फोटो घेऊन! बरं. घर सापडलं म्हणून कौतुक सांगू नका, मंगळवार पेठेत गवळ्याचं घर वासावरनं कळतंय.

खेळ? कसला आलाय खेळ? आधी तळ्यात पोहायचं, मग वल्ल्या अंगानं सायकल हाणायची, मग सायकल टाकून पळायचं — आणि त्याला म्हणायचं ट्रायथलॉन. आमची मोना, ती कडंची म्हस, पोहती, पळती आणि वर दूधबी देती. तिला कुणी मेडल घातलं न्हाय. पोरगी पोहाय शिकली कुठं, सांगू? पंचगंगेत, ह्या मोनाच्या आज्जीचं शेपूट धरून. मीच सोडली. मला कुठं येतंय पोहाय? म्हशीला येतंय की! मग शाळेच्या बाईंनी त्या निळ्या फरशीच्या टाकीत नेली. राज्यात पहिली आली. भिंतीला खिळं मारून मारून चाळण झाली मेडलांपायी. टाकीत त्यांच्याकडनं पोहायचं म्हणून सरकारी नोकरी चालून आली — टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा — तर म्हणती, नको. का? तर, 'बाबा, जरा पोहलं की भिंत येती. वळलं की परत भिंत. मला बिनभिंतीच्या पाण्यात जायचंय.' भिंत म्हणं! आम्ही काय जन्मभर मोकळ्या रानात चरलो व्हय? त्या दिवसापासनं मी बोलत न्हाय तिच्याशी.

व्हय, एकाच घरात. त्यात काय अडतंय? मोनाला सांगायचं — मोने, तुझ्या ताईला सांग, मागच्या चाकात हवा न्हाय. ती म्हणती, मोने, बाबांना सांग, बघितलंय. म्हस शहाणी हाय, मधी बोलत न्हाय.

आता तर दुसऱ्यास्नी शिकवती. सकाळी कळंब्याच्या तळ्यावर जावा — पोटं सुटलेलं डॉक्टर, वकील, बिल्डर, वल्ल्या बोक्यागत काठावर कुडकुडत उभं असत्यात आणि माझी क्रांती वरडती, 'पाय मारा, पाय!' फी भरून बोलणी खात्यात. ह्यापरास म्हशी बऱ्या. मला कसं ठावं? गवत आणाय जातो की मी तिकडं. आणि गगनबावड्याच्या रस्त्यानं तिची सायकल असती तवा माझी फटफटी मागं असती, ती पेंडंसाठी. मिळती, पेंड तिकडं मिळती! तुम्हाला काय करायचंय?

गेल्या साली राजाराम तलावावर शर्यत होती. गेलतो — एक वळखीचा भेटणार होता. पाण्यातनं पहिली बाहेर आली. सायकलवरबी पुढंच. आणि पळताना, शेवटच्या चढाला, पोटरीत गोळा आला. बसली रस्त्यात. दोघी पोरी पुढं गेल्या. लोक आपलं टाळ्या वाजवाय लागलं — टाळ्यांनी कधी कोण उठलंय व्हय? दिवाळीच्या पाडव्याला आम्ही म्हशी पळवतो न्हवं, मालकाची गाडी पुढं आणि म्हस मागं, तवा एक हाक असती. ज्याची त्याची वेगळी. मोना माझी हाक सोडून ब्रह्मदेवाच्या हाकेलाबी हलायची न्हाय. ती हाक मारली मी. तिला न्हाय! म्हशीला. तोंडाला सवय हाय. न्हाय, म्हस घरात होती — मग? हाक माराय म्हस समोरच पायजे असं कुठं हाय? उठली की ही. लंगडत एकीला मागं टाकलं. दुसरी आली. घरी येऊन मोनाच्या गळ्यात पडली, म्हणती, 'मोने, बाबांना सांग, ऐकली.' मी म्हटलं, मोने, उगं कान टवकारू नको.

काय? व्हय, खुळा खेळ हाय, मीच म्हणालो. मग? ... लग्नानंतर बंद. तुमच्याकडं चालत न्हाय. आणि ते मी सांगायचं तिला? माझं ऐकंल ती? ... पावणं, तुमच्या राजवर्धनला पोहाय येतंय? सोसायटीत टाकी हाय, पण सर्दी होती. बरं. आवं, मी माझ्या पोरीला माझ्या दारात नावं ठेवतोय. तुम्ही माझं दूध पीत मुंडी कसली हलवताय? टेबल-खुर्चीची भिंत लाथाडली तिनं, तुमची किती हात उंच हाय? ठेवा तो गिलास. ऱ्हाऊ दे, विसळाय मी हाय.

ही आलीच बघा सायकल. न्हाय, तिला काय सांगू नका. वाट हिकडनं हाय.

मोने, ताईला सांग, पावणं निघाल्यात. आणि रविवारी शर्यतीला कधी निघायचं, तेवढं इचारून ठेव. पेंड आणायचीय.