दादाच्या कॉम्प्युटरचं कार्ड

...आणि वर मलाच विचारतात, "माप घेतलं होतंस का?" अहो, दुःखात माणूस माप घेतो का? दुःखात माणूस बाजारात जातो, समोर दिसेल ते उचलतो आणि घरी येऊन कपाळ बडवतो!

तुम्हाला सांगतो, काल मृतांचा दिवस, आमच्यात त्या दिवशी मेलेली माणसं घरी जेवायला येतात. दुपारी बाराच्या ठोक्याला आमचा लिम्बर्टदादा जेवायला येणार, मेल्यानंतर पहिल्यांदाच! आईने मेज मांडलं, माणसाच्या आकृतीचे पाव, ऊस, बियर. मी म्हटलं, पाव काय, कोणीही ठेवेल! मी दादाचा कॉम्प्युटर ठेवणार, नवं ग्राफिक्स कार्ड घालून, त्याचा गाड्यांचा खेळ चालू करून! चार वर्षं बिचाऱ्याची गाडी पहिल्याच वळणावर थिजायची. म्हणायचा, "ग्रोवऱ्या, एकदा कार्ड बदलू दे, मग बघ!" आणि मार्चमध्ये खरी मिनीबस, खरं वळण... जाऊ दे.

तर बाजारात कार्डं विकणारी म्हातारी डोन्या इलारिया, डोक्यावर हॅट, पुढ्यात जुनी-नवी कार्डं बटाट्यांसारखी रचलेली.

"मदरबोर्ड कुठला, राजा? स्लॉट जुना की नवा? माप घेतलंयस?"

"आजी, सगळ्यात मोठं द्या! माझा दादा आहे तो!"

"अरे, स्लॉटात कार्ड बसवायचंय की दादा?"

म्हातारी हसली, शेजारची मोजेवाली हसली, मोजे घेणारासुद्धा हसला!

घरी आलो, कॉम्प्युटरचा डबा उघडला, कार्ड ठेवलं, दाबलं. बसेना! पुन्हा दाबलं, गुडघा लावून. छे! कार्डाच्या दातांतली फट इकडे, स्लॉटातला अडसर तिकडे. बोर्ड दादाच्या शाळेच्या काळातला, कार्ड परवाचं, एकमेकांची तोंडओळखही नाही! तेवढ्यात दारातून सेवेरोमामा, "माप घेतलं होतंस का?"

आणि आईने हातातला पाव खाली ठेवला.

कारण हाच मामा, हेच शब्द, मार्चमध्ये, स्मशानात! आमच्यात जाळत नाहीत, भिंतीत कप्पे असतात, शवपेटी आत सरकवायची. पेटी मीच आणली होती, चांगली लांब, दादा ऐसपैस झोपू दे म्हणून. पेटी चार बोटं बाहेर राहिली! शिडीवरचा गवंडी म्हणतो, "बसत नाही!" मामा म्हणतो, "माप घेतलं होतंस का?" आई रडायची थांबून माझ्याकडे बघतेय, आणि मामा कानस घेऊन पेटीची नक्षी घासतोय, तासभर... दादा उन्हात.

मग काय? मीही तीच कानस काढली! लाकडाला चालली, कार्डाला का नाही चालणार? नाही चालली. तीन दात जमिनीवर. पावणेबारा! शेवटी उघडा कॉम्प्युटर मेजावर ठेवला आणि थोटं कार्ड बियरच्या बाटलीला टेकवलं. आई एवढंच म्हणाली, "ग्रोवर, त्याला एकदाही नीट बसवता आलं नाही रे तुला."

बारा वाजले. माशी आली. आमच्यात त्या दिवशी माशी हाकलत नाहीत, माणूसच आलेला असतो. तिने पावाकडे बघितलं नाही, उसाकडे नाही, बियरकडेसुद्धा नाही! सरळ कार्डावर उतरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मग उडाली, बोर्डावर बसली, स्लॉटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. थांबली. पाय चोळले. आणि खिडकीतून निघून गेली, शेजारच्या फिलेमोनकडे! त्याचा कॉम्प्युटर नवा आहे ना.

दादाच होता हो, शंकाच नको. माप घेऊन गेला.