बाबांची डिस्क

आखातातल्या अल् खुवैरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, बिलाच्या रांगेत, माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचा चाळिशीतला मुलगा. डिस्क प्लेअरचा खोका आजींनी पोटाशी धरलेला.

"आई, ठेव तो परत. घरच्या गेम कन्सोलवर लागते की एचडी डिस्क. पिक्चरही तेवढाच क्लिअर."

"लागते. पण बघू कधी?"

"दुपारी बघ."

"दुपारी तो कन्सोल तुझा पासवर्ड मागतो."

"मग मी ऑफिसातून आल्यावर."

"काल तेच केलं ना? तुझे बाबा तंबोरा जुळवून गायला लागले आणि तू डिस्क काढलीस."

"अगं, मित्र खेळायला ऑनलाइन थांबले होते!"

"थांबू देत! बाबा होते तेव्हा, त्यांचं गाणं चालू असलं की जिन्यातूनसुद्धा पाय न वाजवता यायचास तू."