दुसऱ्या ड्राइव्हवरची दिवाळी

गंधाली : हां, झाला चालू तुझा जुना कॉम्प्युटर. पण नुसती जांभळी स्क्रीन आहे रे. फोल्डर एक पण नाही.

यज्ञेश : फोल्डर इथे नसणारच. मी मागे त्यावर लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकली होती, विंडोज आपल्या जागी ठेवून. जुनं सगळं विंडोजच्या ड्राइव्हवर आहे. डावीकडे कडेला फाइल्सचं चित्र दिसतंय का?

गंधाली : दिसतंय. थांब, माउस अडकतोय, खाली धूळ किती आहे बघ.

यज्ञेश : मी येऊ का तिकडे? मुलुंडहून रविवारचा फार वेळ नाही लागत.

गंधाली : नको. घरभर खोके आहेत, पाय ठेवायला जागा नाही. फोनवरच सांग.

यज्ञेश : कधी सोडायचंय घर?

गंधाली : उद्या. बिल्डिंग पाडतायत. नवीन होईपर्यंत आम्ही दोघी दिंडोशीला, भाड्याने. तिथे हा डबा कुठे ठेवू? सकाळी भंगारवाला येतोय. म्हणून तुला फोन केला, नाहीतर केला नसता.

यज्ञेश : माहितीये. त्यातलं नक्की काय हवंय तुला?

गंधाली : चकल्यांचा व्हिडिओ.

यज्ञेश : कुठल्या चकल्या?

गंधाली : सोऱ्याचं झाकण उडालं होतं, तो. श्रुतिकाने परवा खोके भरताना विचारलं, आई, तू आणि बाबा कधी एकत्र हसलायत का? मी म्हटलं, हसलोय की. तर म्हणाली, मला एकदाही आठवत नाही. कसं आठवेल? तू गेलास तेव्हा ती बालवाडीत पण जात नव्हती. जुने फोटो काढून दाखवले, तर फोटोत आपण नुसते उभे. पाहुण्यांसारखे.

यज्ञेश : ...फाइल्स उघड. सगळ्यात खाली ‘अदर लोकेशन्स’ असेल.

गंधाली : आहे. आत एका डिस्कपुढे ‘व्हॉल्यूम’ लिहिलंय. क्लिक करू?

यज्ञेश : कर. पासवर्ड मागेल.

गंधाली : मागतोय. काय होता? श्रुतिकाचे ऑनलाइन क्लास यावर चालायचे तेव्हा पासवर्ड कधी लागला नाही.

यज्ञेश : आपोआप चालू होईल असं ठेवलं होतं मी. ‘कंटाळा’ टाक. इंग्लिशमध्ये, सगळी छोटी अक्षरं.

गंधाली : कंटाळा?

यज्ञेश : हो.

गंधाली : कधी ठेवलास हा?

यज्ञेश : शेवटच्या वर्षी. टाक ना.

गंधाली : मला वाटायचं, रात्रीचा बसतोस तेव्हा काम असतं तुला.

यज्ञेश : काम नसायचं, गंधाली. नुसता बसायचो. आत झोपायला आलं की तू भिंतीकडे तोंड केलेलं असायचं.

गंधाली : मी जागी असायचे.

यज्ञेश : ते मला कुठे माहीत होतं.

गंधाली : टाकला पासवर्ड. वाट लागली. ‘अनेबल टु’ म्हणून काहीतरी लांबलचक आलं. ड्राइव्ह उडाला का रे?

यज्ञेश : नाही, घाबरू नको. हायबरनेट असा शब्द दिसतोय का?

गंधाली : दिसतोय.

यज्ञेश : म्हणजे विंडोज पूर्ण बंद झालेलं नाही. ते अजून आपला ताबा धरून बसलंय, लिनक्सला हात लावू देत नाही. त्यावर जबरदस्ती नको करायला, फाइली बिघडतील. आपण फक्त वाचण्यापुरता उघडू. मग त्यात नवीन काही लिहिता येणार नाही, पुसता येणार नाही. बघता येईल, कॉपी करता येईल.

गंधाली : चालेल. आता काय नवीन लिहायचंय त्यात.

यज्ञेश : ‘व्हॉल्यूम’च्या समोर उजवीकडे काय आहे?

गंधाली : डेव्ह, तिरकी रेघ, एसडीए तीन.

यज्ञेश : हां, ते त्या ड्राइव्हचं नाव. मेसेज केलाय बघ, एक ओळ आहे. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघड आणि ती जशीच्या तशी टाइप कर. मधल्या मोकळ्या जागा सोडायला विसरू नको. मग एंटर.

गंधाली : केलं. परत पासवर्ड मागतोय, पण मी टाइप करतेय तर काही उमटतच नाहीये.

यज्ञेश : दिसत नाही, पण जातंय आत. पूर्ण कर.

गंधाली : केलं. काहीच नाही झालं.

यज्ञेश : काही न बोलता खाली नवीन ओळ आली ना? मग झालं. आता फाइल्समध्ये ‘कॉम्प्युटर’वर जा आणि ‘एमएनटी’ नावाचं फोल्डर उघड.

गंधाली : अरे, सगळं आहे यार. तुझ्या आईच्या तुळशीच्या लग्नाचं फोल्डर पण आहे. आणि हा दिवाळीचा. दाबला. आता हा म्हणतो डीकोडर नाही, प्लेयर चालवू शकत नाही.

यज्ञेश : कोडेक टाकलेला नाही, त्याशिवाय व्हिडिओ उलगडत नाही. व्हीएलसी नावाचा दुसरा प्लेयर टाकू, त्यात सगळं असतं. नेट आहे?

गंधाली : वायफायचा डबा काल काढून नेला. फोनचं देते.

यज्ञेश : दे. दुसरी ओळ पाठवली. तेवढ्यात पेन ड्राइव्ह लाव, ते फोल्डर त्यात ओढून सोड.

गंधाली : लावला. कॉपी होतंय. हळूहळू चाललंय... यज्ञेश, त्या दिवाळीला आपण बरे होतो ना?

यज्ञेश : बरे होतो.

गंधाली : मग पुढच्या दिवाळीपर्यंत काय झालं?

यज्ञेश : काहीच नाही झालं. मी पण खूप शोधलं. काहीतरी झालं असतं तर बरं होतं, कुणाला सांगता तरी आलं असतं.

गंधाली : माझी आई अजून विचारते, भांडण कशावरून झालं? मी दरवेळी वेगळं सांगते.

यज्ञेश : व्हीएलसी आलं का?

गंधाली : आलं. लावलं. चित्र येतंय. आवाज नाहीये.

यज्ञेश : वर कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे, तिथे एचडीएमआय निवडलेलं असेल, म्हणजे आवाज मॉनिटरकडे जातोय. ते बदलून दुसरं दाब.

गंधाली : हां, आता... ऐकतोयस?

यज्ञेश : ऐकतोय.

गंधाली : आता झाकण उडेल. हे बघ, सगळं पीठ तुझ्या शर्टावर. शूटिंग मी करतेय, हसून मोबाइल धरवत नाहीये, नुसतं छत दिसतंय.

यज्ञेश : ती किंकाळी श्रुतूची?

गंधाली : तिचीच. ती कच्ची चकली खातेय. तू तिच्या तोंडातून काढायला जातोयस आणि तुलाच हसू आवरत नाहीये. किती बारीक होतास रे.

यज्ञेश : तू अशी हसायचीस हे मी विसरलो होतो.

गंधाली : मी पण.

(श्रुतिका क्लासवरून येते. गंधाली फोन स्पीकरवर टाकते.)

श्रुतिका : आई, हे काय लावलंयस? हा बाबा आहे?

गंधाली : हो. आणि ती पाटावर बसलेली तू.

श्रुतिका : आणि हसतंय कोण एवढं?

गंधाली : मी. बाबा फोनवर आहे बघ, त्यानेच लावून दिला व्हिडिओ.

यज्ञेश : हाय श्रुतू.

श्रुतिका : हाय बाबा. तू पण हसतोयस यात.

यज्ञेश : हो गं.

गंधाली : परवा विचारत होतीस ना? म्हणून शोधला. पेन ड्राइव्हमध्ये घेतलाय, आता राहील तुझ्याकडे... काय झालं? आवडला नाही?

श्रुतिका : आवडला. पण मला वाटायचं तुमचं पहिल्यापासूनच पटत नव्हतं. वर्गातल्या सपनाच्या मम्मी-पप्पांसारखं.

गंधाली : नाही गं. तसं नव्हतं.

श्रुतिका : हां, पण तसं वाटत होतं तेच बरं होतं.

गंधाली : श्रुतू, बंद करू का?

श्रुतिका : नको. किती बाकी आहे अजून?

गंधाली : थोडा आहे.

यज्ञेश : तुम्ही बघा दोघी. मी ठेवतो.

श्रुतिका : बाबा, नको ना. हे संपेपर्यंत थांब.

यज्ञेश : थांबलोय.